मदत हवी आहे: बीएमडीचा ट्रॅक ८ मिमी कमी पडतोय

घाईगर्दी
मंडळी, बीएमडीचं (विमानातून पॅराशूटने उतरवता येणारी सोव्हिएत चिलखती गाडी) प्लॅस्टिक मॉडेल करतोय. ट्रॅकची टोकं जुळतच नाहीत, दोन्ही बाजूंना साधारण ८ मिमी फट राहते. ओढून लावला की पुढचं चाक वाकतं. गरम पाण्यात घालून पट्टा ताणावा असं कुठेतरी वाचलं. करू का? रविवारपर्यंत संपवायचंय, लवकर सांगा.

आयडलर
कुठली बीएमडी? १, २, ३, ४? स्केल? ट्रॅक अखंड रबरी पट्टा आहे की सुट्या कड्या? चाकं चिकटवलीत की नुसती बसवलीत? एवढं कळल्याशिवाय बोलणं म्हणजे हवेत बाण.

आणि ताणू नका. ताणलेला पट्टा पुढे आखडत जातो आणि चाकांचे आस उपटून काढतो.

घाईगर्दी
बीएमडी-१, १:३५. रबरी पट्टा. चाकं चिकटवलीत, अर्थात.

सरथप्रेमी
स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, चुकीच्या टोकाला बसलंय. दातेरी चाक पुढे, गुळगुळीत मागे. पायदळाच्या सोव्हिएत चिलखती गाड्या बीएमपी-१, बीएमपी-२, आणि आपल्या मेदकला बनणारी बीएमपी-२ म्हणजे सरथ, सगळीकडे असंच असतं. अदलाबदल करा, फट जाईल.

आयडलर
अजिबात करू नका! बुरूज बीएमपी-१ सारखा दिसतो म्हणून बीएमडी म्हणजे छोटी बीएमपी नव्हे. बीएमपीत इंजिन पुढे, म्हणून दातेरी चाक पुढे. बीएमडीत इंजिन मागे, म्हणून दातेरी चाकही मागे. बाजूने बघा: बीएमडी-१ ला एका बाजूला ५ चाकं आणि वर ४ छोटे रोलर. बीएमपीला ६ आणि ३.

सरथप्रेमी
६ चाकांची बीएमडी मी फोटोत पाहिलीय.

आयडलर
ती बीटीआर-डी, बीएमडीवरून केलेली सैनिकवाहू गाडी. लांबवलेली चासी, ६ चाकं, ५ रोलर, बुरूज नाही. किंवा त्याच चासीवरची १२० मिमीची स्वयंचलित तोफ नोना.

फूटपट्टी
घाईगर्दी, मॉडेल सपाट काचेवर ठेवा आणि पोटापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. मिलिमीटरमध्ये सांगा, "साधारण" नको. सूचनापत्रकात चाकांच्या हातांचा (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांचा) कोन दिलाय का?

ताजी_बातमी
बीएमडी-४एम मध्ये ५०० अश्वशक्तीचं यूटीडी-२९ इंजिन आहे, तेच बीएमपी-३ मध्ये. बुरूज बाख्चा-यू, त्यात १०० मिमी आणि ३० मिमी अशा दोन तोफा. माझ्या मते करायचं तर तेच मॉडेल करावं.

घाईगर्दी
@ताजी_बातमी, माझ्याकडे बीएमडी-१ आहे हो.
@फूटपट्टी, १३ मिमी. कोन वगैरे काही दिलेला नाही. हात गोल खुंटीवर बसतात, कसेही फिरतात. मी जितके खाली जातील तितके खाली केले.

फूटपट्टी
सापडलं. बीएमडी-१ चं सस्पेन्शन हायड्रोन्यूमॅटिक आहे, म्हणजे तेल आणि दाबलेल्या वायूवर चालणारं. चालक आपल्या जागेवरून गाडी वरखाली करतो, पोट जमिनीपासून १०० मिमी ते ४५० मिमी. १:३५ मध्ये ते २.९ ते १२.९ मिमी होतं. तुमची गाडी पार टाचा उंचावून उभी आहे.

आता पायथागोरस काढा. शेवटच्या चाकापासून स्प्रॉकेटचं आडवं अंतर समजा २० मिमी (तुमच्या मॉडेलवर मोजून घ्या). उभं अंतर ५ मिमी असेल तर तिरका ट्रॅक २०.६ मिमी. तेच १५ मिमी झालं की २५. एका टोकाला ४.४ जास्त, पुढचं टोक धरून ८.८. तुमची फट ८. खऱ्या गाडीत आयडलर (पुढचं गुळगुळीत चाक) पुढेमागे सरकून ताण सांभाळतो. मॉडेलमधला आयडलर हलत नाही, म्हणून सगळी तूट पट्ट्यावर येते.

घाईगर्दी
बरं, पण चाकं चिकटलीत त्याचं काय?

फूटपट्टी
कुठल्या गोंदाने? प्लॅस्टिक सिमेंट असेल तर सांधा वितळून एकजीव झालेला असतो, तो सुटत नाही, कापावाच लागतो. सुपरग्लू असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, ठिसूळ होतो, मग पातळ पात्याने हळूच उचला. ॲसिटोन लावू नका, प्लॅस्टिकचा लगदा होईल.

घाईगर्दी
प्लॅस्टिक सिमेंट.

फूटपट्टी
मग रेझर सॉ घ्या आणि हात आणि बॉडी यांच्यामध्ये सरळ काप द्या. दहाही हात कापावे लागतील. नुसती टोकाची चार चाकं उचललीत तर मधली जमिनीवर आणि ती हवेत. काप घासून सपाट करा, दोन्हीकडे ०.८ मिमीचं भोक पाडा, त्याच जाडीच्या पितळी तारेची खुंटी घाला. पोटाखाली ९ मिमीचा ठोकळा ठेवून सगळी चाकं काचेला टेकवा, मगच सुपरग्लूचा थेंब. पट्ट्याचा जोड खालच्या बाजूला, चाकाखाली येऊ द्या. वर रोलरवर आला तर लपत नाही, या गाडीला बाजूची झडप नाही. आणि मऊ रबरी पट्ट्याला प्लॅस्टिक सिमेंट धरत नाही, दोऱ्याने दोन टाके घाला.

आयडलर
९ च का? देखावा काय आहे त्यावर ठरेल ना! घाईगर्दी, गाडी कुठे उभी दाखवणार आहात?

घाईगर्दी
सांगायचं राहिलंच. पॅराशूटने उतरवतात ना, तो देखावा. १९७३ चा, माणसं आत बसलेली होती तो.

आयडलर
हे पहिल्या ओळीत हवं होतं. मग ९ नाही, ३ मिमी. प्लॅटफॉर्मवर गाडी खाली बसवूनच बांधतात. ३ वर पट्टा उलट सैल पडेल, जास्तीचा पट्टा कापा.

छत्रीधारी
५ जानेवारी १९७३, रशियातल्या तुला शहराजवळ. एएन-१२ विमान, आत लेफ्टनंट कर्नल झुयेव आणि सीनियर लेफ्टनंट अलेक्सांद्र मार्गेलोव, छत्रीदलाचे सेनापती वासिली मार्गेलोव यांचे चिरंजीव. दोघांची आसनं कझबेक-डी, अंतराळवीरांच्या आसनावरून केलेली. या प्रणालीचं नाव केंतावर, प्लॅटफॉर्म आणि बहुघुमटी पॅराशूट. रॉकेट दाखवू नका! रॉकेटवाली प्रणाली रेआक्तावर, ती माणसांसह २३ जानेवारी १९७६ ला. त्यात प्लॅटफॉर्म नाही, घुमट एकच, आणि खाली लोंबणारे दांडे जमिनीला टेकले की ब्रेकची इंजिनं पेटतात.

आयडलर
आणि १९७३ म्हणजे बुरुजावर माल्युत्का हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, तोफेच्या नळीवरच्या रुळावर. छतावरचा नळकांडी लाँचर बीएमडी-१पी चा, तो नंतरचा. खोक्यात दोन्ही असतील तर लाँचर बाजूला ठेवा. पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या मशीनगन विसरू नका, बीएमडी-२ मध्ये एकच उरली.

गंजकेखिळे
रंगाचं कोणी बोललंच नाही. हिरवा झाला की कडांना गंज द्या, जिवंत दिसतं. पुढच्या नाकाडावर तर भरपूर.

फूटपट्टी
नाकाडावर गंज? बॉडी ॲल्युमिनियम मिश्रधातूची आहे. म्हणूनच सव्वासात टनांत बसते, आणि म्हणूनच अफगाणिस्तानात सुरुंगावर तिचे हाल झाले. खरचटलं की फिकट चंदेरी राखाडी दिसतं, तपकिरी नाही. चांदी रंगाची पेन्सिल कडेवरून हलकी फिरवा, बस्स.

गंजकेखिळे
काबूलच्या फोटोंत तपकिरी स्पष्ट दिसतं.

फूटपट्टी
धूळ आहे ती. बुरूज पोलादी, ट्रॅक पोलादी, ओढायचा दोर पोलादी. तिथे हवा तेवढा गंज द्या. ७३ च्या जानेवारीत तुलाला काबूलची धूळही नको.

सरथप्रेमी
नगरला रणगाडा संग्रहालयात जाऊन प्रत्यक्ष गाड्या बघा, ट्रॅकचा ताण कसा असतो ते कळेल.

आयडलर
बघण्यासारखं आहे, पण तिथे रणगाडे. या प्रश्नाला काय उपयोग?

घाईगर्दी
डाव्या बाजूचे पाच हात कापले. एकाची खुंटी तिरकी गेली. भोक बुजवून परत पाडू की तसंच चालवू? आणि मागचा दरवाजा उघडा दाखवायचाय, तो भाग खोक्यात सापडत नाहीये.

फूटपट्टी
भोकात स्प्रूचा (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिक दांडीचा) तुकडा सिमेंटने ठोका, वाळला की सपाट घासा, मग नव्याने पाडा. ओल्यात पाडू नका, ड्रिल पुन्हा त्याच वाटेने जाईल.

आयडलर
मागे दरवाजा नाहीच, तिथे इंजिन आहे. सैनिक बुरुजामागच्या वरच्या झाकणातून बाहेर पडतात. ते उघडं दाखवा.