आसपास कोणी वाजवत नसताना शोफार ऐकू येणं: यहुदी धर्मात याला काय अर्थ आहे?

प्रश्न: कानोसा

पहाटेच्या अर्धवट झोपेत किंवा प्रार्थनेत शोफारचा (यहुदी उपासनेत फुंकतात त्या शिंगाचा) आवाज ऐकू आला, असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यावर लगेच अर्थ सांगणारेही असतात: तीन वेळा वाजला म्हणजे हे, लांब सूर म्हणजे ते, तुटक म्हणजे इशारा. अनुभव खरा की खोटा या वादात मला पडायचं नाही. विचारायचं ते एवढंच:

१. सुरांचे असे ठरलेले अर्थ मूळ ग्रंथांत आहेत का?
२. असा आतून ऐकलेला शोफार धर्माच्या हिशेबात 'ऐकला' धरतात का? आणि ध्वनिमुद्रण?
३. असा अनुभव आलेल्याने करायचं काय?

प्रतिसाद: पानोपानी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. नाही, धरत नाहीत.

रोश हशानाला (यहुदी नववर्षाला) शोफार वाजवण्याआधी जो आशीर्वाद म्हणतात, त्यात 'शोफारचा आवाज ऐकण्याची' आज्ञा म्हटली आहे, वाजवण्याची नव्हे. म्हणजे कर्तव्य कानाचं. पण कानावर आवाज पडला की झालं, असंही नाही. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहाच्या रोश हशाना भागात (३:७) दोन नियम शेजारीशेजारी आहेत. एक, खड्ड्यात, हौदात किंवा रांजणात शोफार फुंकला आणि बाहेरच्याला मूळ आवाज ऐकू आला तर कर्तव्य पूर्ण, नुसता प्रतिध्वनी ऐकू आला तर नाही. दोन, सभास्थानामागून (सिनेगॉगमागून) जाणाऱ्याच्या किंवा शेजारच्या घरातल्या माणसाच्या कानावर आवाज पडला, तर मन तिकडे लावलं असेल तरच कर्तव्य पूर्ण. तोच आवाज दोघांनी ऐकला, एकाचं मन तिथे होतं आणि दुसऱ्याचं नव्हतं, तर एकाचंच झालं.

या मन लावण्याला कवाना म्हणतात, आणि ती दोन्ही बाजूंनी लागते. वाजवणाऱ्याने ऐकणाऱ्यांसाठी म्हणून वाजवायचं, ऐकणाऱ्याने कर्तव्य म्हणून ऐकायचं. सरावासाठी कोणी फुंकत असेल तर तो सूर कितीही सुरेख लागो, उपयोग नाही. स्वप्नात तर शिंगही नाही आणि वाजवणाराही नाही. शिवाय वेळ दिवसाची लागते, सूर्योदय ते सूर्यास्त.

ध्वनिमुद्रणाचं उत्तर रांजणाच्या नियमाच्या जवळ जातं. ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) निर्णयांत ते चालत नाही, आणि ध्वनिवर्धकातून येणारा आवाजही बहुतेक निर्णयकार मूळ शिंगाचा मानत नाहीत. श्रवणयंत्रावर खल आहे. यंत्राशिवाय थोडंफार ऐकू येत असेल तर वाजवणाऱ्याच्या अगदी जवळ उभं राहून ते काढून ऐकणं बरं.

प्रतिसाद: तीन तुटक

पहिल्या प्रश्नावर. सुरांचा कोश बनवणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते: आज जे तीन प्रकारचे सूर वाजतात, ते तीन वेगळे निरोप म्हणून ठरलेलेच नाहीत. ते एका शंकेतून आले आहेत.

तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं) रोश हशानाला 'तरुआचा दिवस' म्हणते (गणना २९:१). तरुआ म्हणजे नेमका कसला आवाज? अरामी भाषांतरात त्याला रडण्याचा शब्द आहे, आणि ताल्मूद (मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ) तो शब्द युद्धावरून न परतलेल्या सीसरा सेनापतीच्या आईच्या आक्रोशाशी जोडतो (शास्ते ५:२८). पण ती कण्हत होती, की हुंदके देत होती, की आधी कण्हली आणि मग हुंदके दिले? कैसरियाच्या रब्बी (धर्मपंडित) अबाहूंनी तोड काढली की तिन्ही शक्यता वाजवा. म्हणून:

तेकिया (उशीचा तकिया नव्हे) हा सरळ अखंड सूर. शवारीम म्हणजे कण्हल्यासारखे तीन तुटलेले सूर. तरुआ म्हणजे हुंदक्यांसारखे नऊ आखूड ठोके. तेकिया-शवारीम-तरुआ-तेकिया हा गट तीनदा म्हणजे १२ सूर, तेकिया-शवारीम-तेकिया तीनदा ९, तेकिया-तरुआ-तेकिया तीनदा ९. एकूण ३०. बहुतेक सभास्थानांत दिवसभरात १०० पूर्ण करतात आणि शेवटी लांबलचक तेकिया गदोला (मोठी तेकिया) येते.

आता सांगा, 'तुटक सूर म्हणजे इशारा आणि लांब म्हणजे विजय' हे कुठून काढायचं? ज्यांनी रचना केली त्यांना खुद्द तरुआ म्हणजे काय याचीच खात्री नव्हती, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण ऐकणाऱ्याला त्या कळल्या पाहिजेत. तीन शवारीम एका श्वासात हवेत. मध्ये दम घेतला तर गट बिघडतो. शवारीमचे तुकडे फार आखूड झाले की ते तरुआसारखे ऐकू येतात. तेकिया मधल्या सुरांपेक्षा आखूड पडता कामा नये, आणि थकलेला वाजवणारा नेमका तिथेच कमी पडतो. शवारीम-तरुआ एका श्वासात की दोन, यावर चालीरीती निरनिराळ्या आहेत, त्यामुळे शेजारच्या सभास्थानात वेगळं ऐकलंत तर ती चूक समजू नका.

शिंगाचंही तसंच. मेंढ्याचं पसंत, अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या जागी बळी गेलेल्या मेंढ्याची आठवण म्हणून. येमेनी यहुदी कुडू हरणाचं लांब पिळदार शिंग वापरतात. गाईचं चालत नाही. ताल्मूदमधलं एक कारण इस्राएलांनी पुजलेल्या सोन्याच्या वासराचं, त्या पापाची आठवण गाईचं शिंग करून देतं: जो फिर्यादी तोच वकील कसा होणार? सांबरासारखं भरीव शिंगही बाद, कारण आत पोकळी नाही. लांबीच्या दिशेने शिंग पूर्ण चिरलं असेल तर आवाज कितीही चांगला येवो, ते बाद.

प्रतिसाद: पानोपानी

वरच्यात भर. अर्थ अजिबातच नाहीत असं नाही, पण ते एकेका सुराला चिकटवलेले नाहीत. सादिया गाओन (८८२–९४२) या यहुदी पंडिताच्या नावाने दहा कारणं सांगतात: देवाच्या राज्याभिषेकाची ललकारी, तोरा मिळाली तो सिनाय पर्वत (निर्गम १९), संदेष्ट्यांचे इशारे, मंदिराचा विध्वंस, इसहाकाला बळीसाठी बांधणं, विखुरलेल्यांचं एकत्र येणं (यशया २७:१३), वगैरे. ही यादी स्मरणाची आहे, शकुनाची नाही.

मध्ययुगीन धर्मशास्त्री मायमोनिडीझ तर आधीच स्पष्ट करतात की शोफार ही शास्त्राची आज्ञा आहे, कारण न विचारता पाळायची. मग म्हणतात, तरी त्यात एक सूचना आहे: झोपलेल्यांनो, जागे व्हा, आपली कृत्यं तपासा. म्हणजे अर्थ ऐकणाऱ्याच्या पुढच्या वागण्यात शोधायचा.

प्रतिसाद: सालपिंक्स

या अनुभवांच्या चर्चेत ख्रिस्ती लोकही बरेच असतात, म्हणून शब्दांचा एक घोळ सोडवतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात शोफारसाठी बहुतेक ठिकाणी 'सालपिंक्स' हा शब्द आहे, आणि गणना १० मधल्या चांदीच्या कर्ण्यांसाठीही तोच. नव्या करारात (१ थेस्सलनीकाकरांस ४:१६, प्रकटीकरण १:१०) पुन्हा सालपिंक्स. तेव्हा तिथे शिंग की धातूचा कर्णा, हे नुसत्या शब्दावरून ठरत नाही. मराठीत कर्णा, तुतारी, शिंग असे शब्द आले की घोळ आणखी वाढतो. आणि प्रकटीकरण १:१० मध्ये वाणी 'कर्ण्यासारखी' आहे. योहान उपमा देतोय, वाद्याचं नाव सांगत नाही.

प्रतिसाद: कानोसा

आभार. सगळ्यांनी तिसरा प्रश्न मात्र सोडला!

प्रतिसाद: पानोपानी

सोडला नाही, शेवटासाठी ठेवला होता.

पहिली गोष्ट, अशा आवाजावरून कुठलाही धर्मनिर्णय घ्यायचा नाही. ताल्मूदमध्ये (बावा मेत्सिया ५९) आकाशातून आलेली वाणी एका रब्बीच्या बाजूने बोलते, तरी बहुमत तिच्यापुढे झुकत नाही. 'ती (म्हणजे तोरा) आकाशात नाही' हे तोरेचंच वाक्य पुढे करतं. मग झोपेतल्या शिंगावरून नोकरी सोडणं किंवा लग्न मोडणं दूरच.

स्वप्नाबद्दल ताल्मूदच्या बराखोत भागात दोन्ही बाजू आहेत: स्वप्न हा भविष्यवाणीचा साठावा भाग, आणि निरर्थक गोष्टींशिवाय स्वप्न नसतं. मन फारच धास्तावलं असेल तर तिथेच उपाय आहे, 'हतावत खलोम' (स्वप्न चांगलं करून घेणं). तीन जणांना बोलवायचं, 'मी चांगलं स्वप्न पाहिलं' म्हणायचं, आणि त्यांनी 'चांगलं आहे, चांगलंच होवो' असं म्हणायचं. स्वप्नाचा उलगडा कोणी करत नाही, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट, आवाज जागेपणीही वारंवार येत असेल, एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर आधी कान तपासून घ्या. त्याने श्रद्धेला काही बाध येत नाही.

तिसरी, खरा शोफार ऐका. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) रिवाजात रोश हशानाच्या आधीच्या एलूल महिन्यात सकाळच्या प्रार्थनेनंतर रोज वाजतो, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सोडून. रोश हशानाच्या आदल्या दिवशी मात्र थांबतात. रोश हशानाचा पहिला दिवस शब्बाथला आला तर त्या दिवशी वाजवत नाहीत, म्हणून आधी पंचांग पाहा, नाहीतर फेरी फुकट जायची. आशीर्वादापासून शेवटच्या सुरापर्यंत बोलायचं नाही. प्रत्येक सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानावर पडला पाहिजे. दारातून आत येताना तेकियाची शेपटी ऐकली, ती धरायची नाही. उशीर झालाच तर वाजवणाऱ्याला गाठून विचारा. सूर्यास्ताच्या आत एका माणसासाठीही तीसच्या तीस सूर पुन्हा वाजवता येतात.