बारावीचा उत्क्रांतीचा धडा आणि "मॅडम, हे लिहिलं तर गुनाह होईल का?"

जीवशास्त्रवाली:
सलाम, नमस्कार. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचा धडा झाला की एखादी मुलगी वर्ग रिकामा होईपर्यंत रेंगाळते. यंदाच्या मुलीने सरळच विचारलं, "मॅडम, पेपरात हे लिहिलं तर गुनाह होईल का?" मी म्हटलं, शास्त्र काय म्हणतं एवढंच पेपर विचारतो, तेवढं लिही. तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामू पाठवतात की डार्विन म्हणजे कुफ्र, धर्म नाकारणं. खालू पाठवतात की डार्विनच्या हजार वर्षं आधी आपल्याच आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, हा शोध लावला. दोघे एकमेकांचे मेसेज वाचत नसावेत. या दोन्हींपलीकडे परंपरेत कोणी काय म्हटलंय, सांगाल का? फॉरवर्ड नकोत, कृपया.

दफ्तरी:
मॅडम, आधी खालूंचा मेसेज निकालात काढू. बसऱ्याच्या अल-जाहिझने नवव्या शतकात 'किताब अल-हयवान', म्हणजे प्राण्यांचं पुस्तक, लिहिलं. कोण कोणाला खातं, कोण कोणापासून जीव वाचवतं, याची त्यात झकास निरीक्षणं आहेत. इतिहासकार इब्न खल्दूनने 1377 च्या 'मुकद्दिमा'त खनिजं, वनस्पती, प्राणी, माकडं आणि मग माणूस अशी चढती साखळी मांडली. वाचताना अंगावर काटा येतो, पण ही ग्रीकांपासून चालत आलेली पायऱ्यांची कल्पना. नैसर्गिक निवडीने जाती बदलतात हा सिद्धांत डार्विन आणि वॉलेस यांचाच. जाहिझला उसन्या मोठेपणाची गरज नाही.

आता मामू. त्यांना अकराव्या शतकातले मोठे धर्मपंडित इमाम गझाली नक्कीच मान्य असतील. आपल्या 'तहाफुत' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते ग्रहणाचं उदाहरण देतात. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होतं हे गणिताने सिद्ध आहे. धर्मरक्षण म्हणून जो ते खोडायला जातो तो धर्माचंच नुकसान करतो, कारण ज्याला हिशोब कळतो तो ग्रहणावर शंका घेणार नाही, धर्मावर घेईल. तत्त्ववेत्त्यांवर तुटून पडण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात हे आहे, बरं का! पुढे 1888 मध्ये लेबनॉनमधल्या त्रिपोलीचे हुसैन अल-जिस्र यांनी तोच धागा डार्विनपर्यंत नेला. त्यांना पुरावा पुरेसा वाटला नव्हता, पण निर्णायक पुरावा मिळाला तर आयतींचा, म्हणजे कुरआनातल्या वचनांचा, अर्थ त्याला धरून लावता येईल, असं त्यांनी लिहून ठेवलं.

खरा पेच एकच, आदम. कुरआनात बायबलसारखी वंशावळींची बेरीज करून पृथ्वीचं वय काढायची सोयच नाही. सहा दिवस आहेत, पण रबचा एक दिवस तुमच्या हजार वर्षांसारखा असंही आहे (22:47, म्हणजे सूरा 22, आयत 47). प्रत्येक सजीव पाण्यापासून (21:30). म्हणून जीवाश्मांवरून फारसं भांडण होत नाही. गाडी अडते 3:59 पाशी: ईसाची (येशूची) मिसाल आदमसारखी, ज्याला मातीपासून घडवलं. ईसा बापाविना, आदम आईबापाविना, हाच परंपरेतला अर्थ.

अब्दे_खुदा:
दफ्तरीसाहेब, आदमपाशी येऊन थांबलात, तेच बरं केलंत. शास्त्र आज एक सांगतं, उद्या दुसरं. त्याच्या मागे अकीदा, आपली मूळ श्रद्धा, कुठवर फरफटत न्यायचा?

दफ्तरी:
फरफटत न्यायचाच नाही. डेव्हिड सॉलोमन जलाजेल यांचं 2009 चं पुस्तक याच मुद्द्यावर आहे. आदम हा मोजिझा, म्हणजे चमत्कार, मानायचा. बाकी प्राणी, अगदी आदमसारखे दिसणारे इतर जीवही उत्क्रांतीने आले का, यावर नस, म्हणजे कुरआन-हदीसचा मूळ शब्द, गप्प आहे, म्हणून आपणही 'तवक्कुफ' करायचा, म्हणजे हो नाही, ना नाही. अकीदा जागेवर राहतो आणि प्रयोगशाळाही चालू राहते.

पेशीकेंद्र:
मी मुस्लिम नाही, जनुकशास्त्रात काम करतो. एक अडचण मांडतो. आजच्या माणसांमधली जनुकीय विविधता बघता आपले पूर्वज कधीच फक्त दोन नव्हते, हजारोंच्या संख्येत होते. मग एक जोडपं कसं बसवणार?

दुसरं, 'मुस्लिम जग असं मानतं' ही भाषा नको. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2013 च्या पाहणीत कझाकस्तान आणि लेबनॉनमध्ये पाऊण लोकांहून अधिक उत्क्रांती मानणारे निघाले. अफगाणिस्तान आणि इराकमध्ये साधारण पाव. तुर्कस्तानने 2017 मध्ये हा विषय शाळेच्या अभ्यासक्रमातून काढला, इराणमध्ये तो शिकवला जातो.

दफ्तरी:
जलाजेल यांची वाट इथेही मोकळी राहते. आदमची संतती त्या इतर जीवांमध्ये मिसळली नाही असं नस कुठेही म्हणत नाही. मिसळली असेल तर तुमचे हजारो पूर्वज आणि आदम, दोन्ही एकत्र नांदतात. तुम्ही म्हणाल, हे तपासता येत नाही. कबूल, पण हा शास्त्राचा दावा नाहीच. मला स्वतःला ही मांडणी थोडी अतिहुशार वाटते, तरी त्यात खोट सापडलेली नाही.

जीवशास्त्रवाली:
म्हणजे मुलीला सांगता येईल की धड्यातल्या बहुतेक गोष्टींवर दीनने, म्हणजे धर्माने, मनाई केलेली नाही, आणि आदमचा प्रश्न पेपरात येतच नाही. पण ती हुशार आहे, पुढे विचारेल: उत्परिवर्तनं योगायोगाने होतात, मग अल्लाहची मर्जी कुठे?

दफ्तरी:
पुन्हा गझालीच. आग कापूस जाळते ते आगीच्या अंगच्या ताकदीने नव्हे, प्रत्येक वेळी अल्लाह जाळतो म्हणून, असं ते म्हणतात. या हिशोबाने योगायोग हा आपल्या अंदाजापुरता. त्याच्यासाठी तो योगायोग नाही. शोएब अहमद मलिक यांनी 2021 च्या 'इस्लाम अँड इव्होल्यूशन'मध्ये हे सविस्तर मांडलंय. पुस्तक नेटवर मोफत आहे, इंग्रजी जड आहे. मुलीच्या हाती देण्याआधी गझालीवरचा भाग तुम्ही वाचा, अडलं तर इथेच विचारा.