कोयनेचा जलाशय किती वेगाने भरावा?

मूळ मांडणी

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसरात 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे 180 माणसे दगावली. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस पाणी साठू लागले, त्यानंतर या भागातील धक्के वाढत गेले, आणि 1985 पासून वारणेचा जलाशय भरू लागल्यावर पुढील काही वर्षांत भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले. हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता यांनी नोंदींवरून असे मांडले की, आठवड्याभरात पाण्याची पातळी 12 मीटरहून अधिक चढणे ही 5 किंवा अधिक तीव्रतेच्या धक्क्यासाठी आवश्यक अट दिसते, मात्र ती एकटी पुरेशी नाही. असे असताना जलाशय भरण्याच्या वेळापत्रकात ही वेगमर्यादा बंधनकारक का असू नये? वीज आणि सिंचन यांचा हिशेब आपण टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मांडतो, त्याच तक्त्यात भूकंपासाठीही एक रकाना हवा.

प्रतिसाद : निवृत्त स्थापत्य अभियंता

आपली कळकळ मान्य आहे, परंतु उपाय मान्य नाही.

प्रथम धरणाविषयी. 103 मीटर उंचीचे हे धरण ज्या काळात आखले गेले, त्या काळी भूकंपाचा गुणांक केवळ 0.05 धरला होता, म्हणजे धक्क्याचे आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या 0.05 पट गृहीत धरले होते. 1967 साली धरणातच बसवलेल्या उपकरणाने गुरुत्वत्वरणाच्या 0.63 पट इतके त्वरण नोंदवले, म्हणजे गृहीत धरलेल्याच्या कितीतरी पट. पाण्याच्या उलट बाजूचा उतार जिथे बदलतो त्या पातळीवर भेगा पडल्या, तरीही भिंत उभी राहिली. पुढे मागील बाजूस काँक्रीटचे आधार देऊन ती मजबूत केली गेली आणि सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरणही 2006 पर्यंत झाले.

दुसरे, भरण्याचा वेग आपण ठरवत नाही, जुलैचा पाऊस ठरवतो. वेग रोखायचा तर सहा वक्र दरवाजांतून पाणी सोडावे लागेल, ते कराडला कृष्णेत मिळेल आणि पुढे सांगलीकडे जाईल. 2019 चा महापूर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. खडकातील ताण तर लक्षावधी वर्षांचा आहे, पाणी त्याला केवळ निमित्त ठरते.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

निमित्त आपल्या हाती असेल तर जबाबदारीही आपलीच राहते. शिवाय जुलैमध्येच दरवाजे उघडावेत असे मी म्हटलेले नाही. जूनपूर्वीच साठा अधिक खाली आणला, तर पुराचे पाणी सामावून घ्यायला जागा राहील.

प्रतिसाद : निवृत्त स्थापत्य अभियंता

नेमकी इथेच गफलत होते. दरी तळाशी अरुंद आणि वर रुंद असते, त्यामुळे जलाशय रिकामा असेल तेव्हा तेवढेच पाणी पातळी अधिक मीटरने चढवते. आपण साठा जितका खाली न्याल, तितकी आपलीच 12 मीटरची मर्यादा लवकर मोडेल. उलट साठा वर ठेवला तर वेग कमी होईल, पण पुराला जागा उरणार नाही. पोफळीच्या वीजगृहाचा आणि पश्चिमेकडे वळवायच्या 67.5 टीएमसी पाण्याचा विचार त्यानंतरचा.

प्रतिसाद : पाटण खोऱ्यातील शिक्षिका

दोघांचेही मुद्दे मी लक्ष देऊन वाचले, पण ती माणसे कशाखाली दगावली, हे कोणीच लिहिले नाही. धरण फुटले नव्हते. माणसे मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि कौलांखाली गाडली गेली, कारण पहाटे सव्वाचारच्या सुमारास सगळे गाढ झोपेत होते.

आमच्याकडे धक्क्याआधी जमिनीतून गडगडाट येतो, मग मांडणीवरची भांडी खणखणतात आणि मुले सवयीने दाराकडे धावतात. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग आहे. दर उन्हाळ्यात आम्ही ती लिंपतो, आणि एखाद्या धक्क्यानंतर ती पुन्हा बोटभर उघडते. घर बांधणाऱ्या गवंड्याला भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायला किंवा खिडकीच्या वर चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा ओतायला कोणी शिकवले नव्हते. धरणाला काँक्रीटचे आधार मिळाले. धरणाखालच्या आणि धरणासाठी उठवलेल्या गावांतील किती घरांना असा पट्टा मिळाला, हे मला कोणी सांगेल का?

प्रतिसाद : निवृत्त स्थापत्य अभियंता

बाईंचा प्रश्न रास्त आहे, आणि मी माझ्या प्रतिसादात तो घ्यायला हवा होता. वेगमर्यादेबाबत माझे मत बदललेले नाही. मात्र नवे घर असेल तर पट्ट्याचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने थोडा असतो, आणि जुन्या घरालाही दाराखिडक्यांच्या वर आतून-बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा देता येतो. त्या तिरक्या भेगेची लांबी आणि भिंतीची जाडी मोजून इथे लिहावी, कसे करायचे ते मी टप्प्याटप्प्याने सांगतो.