बाबांसाठी जुन्या 'पल्प' कथांचे संग्रह सुचवा

पिवळी_पानं :
नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे आहेत. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकर वहीखाली लपवून वाचले, पुढे 'नवल'चे अंक, मग नारायण धारप. बँकेत हयात गेली, इंग्रजी उत्तम वाचतात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे अजून दीड महिना घरातच आहेत. परवा म्हणाले, "अमेरिकेतल्या त्या स्वस्त 'पल्प' मासिकांबद्दल नुसतं ऐकत आलो, मुळातून काही वाचलं नाही."

तर भय, विज्ञान आणि रहस्य, तिन्हींतलं सुचवा. एकेका लेखकाचं नको, निवडक कथांचा संग्रह हवा. छापील असेल तर फार बरं, बाबांना पान हाताला लागलं पाहिजे.

रातकिडा :
भयकथांचं मी सांगतो, गेली वीस वर्षं हेच वाचतोय. 'वीअर्ड टेल्स' हे मासिक १९२३ साली शिकागोत सुरू झालं. लव्हक्राफ्ट, रॉबर्ट हॉवर्ड, क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ हे सगळे लेखक तिथलेच. पण नुसत्या पल्पवर एकदम उडी नको. धारप वाचलेल्या माणसाला 'ग्रेट टेल्स ऑफ टेरर अँड द सुपरनॅचरल' द्या. वाइज आणि फ्रेझर यांनी १९४४ मध्ये केलेला संग्रह आहे. जुन्या जाणत्या लेखकांच्या मांडीला मांडी लावून लव्हक्राफ्टच्या दोन कथा त्यात बसल्यात, आणि त्या शोभतात.

त्यातली 'द रॅट्स इन द वॉल्स' आधी वाचायला सांगा. एक माणूस इंग्लंडमधलं आपलं वडिलोपार्जित घर पुन्हा उभं करतो आणि रात्री भिंतींच्या आतून उंदीर धावताना ऐकू येतात. बस, एवढंच सांगतो. एक मात्र आधीच बोलून ठेवा. त्यातल्या मांजराचं नाव वर्णद्वेषी आहे. त्या काळच्या या मासिकांत काळ्या आणि चिनी माणसांची चित्रणं बऱ्याचदा अशीच हीन आहेत. मला ते दर वेळी टोचतं, कथा आवडत असूनही.

'द वीअर्ड' नावाचा व्हँडरमीर दांपत्याचा २०११ चा संग्रहही अफाट आहे. त्यात रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण' इंग्रजीत आहे, लव्हक्राफ्टच्या सोबतीला! पण पानं अकराशेच्या वर.

लगॅशचा_सूर्यास्त :
विज्ञानकथांसाठी माझं एकच उत्तर : 'बिफोर द गोल्डन एज', संपादक आयझॅक असिमोव्ह, १९७४.

याहून चांगल्या कथांचे संग्रह आहेत, हे मान्य. 'द सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम'च्या पहिल्या खंडातली निवड तर विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने मतदान घेऊन केली. त्यात असिमोव्हची 'नाइटफॉल' आहे. सहा सूर्यांच्या ग्रहावर दोन हजार एकोणपन्नास वर्षांनी एकदाच रात्र होते, आणि माणसांना अंधार म्हणजे काय हेच माहीत नसतं. ही कथा छापून आली तेव्हा लेखक २१ वर्षांचा होता.

तरीही तुमच्या बाबांना 'बिफोर द गोल्डन एज'च द्या. कारण त्यात १९३१ ते ३८ या काळातल्या, असिमोव्हने शाळकरी वयात वाचलेल्या कथा आहेत आणि मध्ये मध्ये तो स्वतःच्या आठवणी सांगतो. ब्रुकलिनमध्ये वडिलांचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान, तिथेच मासिकंही विकायला. पण वडील हात लावू देत नसत. शेवटी एका मासिकाच्या नावात 'सायन्स' हा शब्द दाखवून त्याने परवानगी मिळवली. ज्याने अर्नाळकर वहीखाली धरून वाचले, त्याला हे पोरगं लगेच ओळखीचं वाटेल. कथांचं शास्त्र आज कालबाह्य आहे, काहींची भाषाही ओबडधोबड आहे. पण त्या वयातली भूक पानापानांत दिसते, आणि ती मला दुसऱ्या कुठल्याच संग्रहात सापडली नाही.

पिवळी_पानं :
रातकिडा, लगॅशचा_सूर्यास्त, दोघांचे मनापासून आभार. दुकानाची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्या वडिलांनी एकदा अर्नाळकरांचं पुस्तक चुलीत घातलं होतं ते सांगितलं, मला हे आजवर माहीत नव्हतं. रहस्यकथांचं कोणी सांगेल का?

काळा_बुरखा :
'ब्लॅक मास्क' मासिकापासून सुरुवात करा. तिथे १९२६ ते ३६ जोसेफ शॉ संपादक होता, त्याने स्वतःच 'द हार्ड-बॉइल्ड ऑम्निबस' हा निवडक संग्रह १९४६ ला काढला. डॅशिएल हॅमेट तिथलाच, आधी खरोखरीचा खासगी गुप्तहेर होता. म्हणून त्याच्या कथांत पाठलाग करणं कंटाळवाणं असतं, पाय दुखतात, साक्षीदार खोटं बोलतात. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर वाढलेल्या वाचकाला ही वेगळीच चव लागेल.

ओटो पेन्झलरचं 'द ब्लॅक लिझार्ड बिग बुक ऑफ पल्प्स' (२००७) सगळीकडे सुचवलं जातं. निवड छान आहे, पण तुमच्या बाबांसाठी नको. हजारावर पानं, प्रत्येक पानावर दोन रकाने, अक्षर बारीक. माझ्या आईने घेतलं आणि आडवं पडून वाचताना मनगट धरून बसली. 'द वीअर्ड'चंही तेच. हे दोन्ही ई-वाचकावर घ्या, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

आणि लव्हक्राफ्ट, हॉवर्ड यांना जाऊन कधीच साठ वर्षं उलटली, आपल्याकडे त्यांच्यावरचे हक्क संपलेत. पुस्तक येईपर्यंत इंटरनेट अर्काइव्हवर 'वीअर्ड टेल्स'च्या जुन्या अंकांची स्कॅन दाखवा, जाहिरातींसकट. नोव्हेंबर १९३३ च्या अंकात सी. एल. मूर यांची 'शँब्लो' आहे. या बाई तेव्हा बँकेत नोकरीला होत्या. तिथे कळू नये म्हणून नावाची फक्त आद्याक्षरं वापरली.

पिवळी_पानं :
असिमोव्हचं पुस्तक जुन्या प्रतीत मिळालं, मागवलंय. तोवर काल रात्री टॅबवर 'शँब्लो' मोठ्या अक्षरात उघडून दिली. अर्धी झाल्यावर चष्मा काढून विचारलं, "ही बाई बँकेत कुठल्या डिपार्टमेंटला होती?" कोणाला माहीत असेल तर सांगा, ते सकाळपासून दोनदा विचारून झालेत.