फिजी : शिकवण्याआधीचा सेवुसेवु

फिजीत शाळेत शिकवायला जाणाऱ्यांना काही जण सांगतात, 'शाळेशी ईमेलवर सगळं ठरलं की गावाचा काही प्रश्न येत नाही'. हे म्हणणं राजधानी सुवाबिवा शहरापुरतं ठीक आहे. खेड्यातल्या शाळेला नाही चालत. मी विती लेवू या फिजीच्या मुख्य बेटावरच्या एका गावात दीड महिना शाळेत मदत करत होते. पहिल्या दिवशी वर्ग दूरच राहिला, आधी सेवुसेवु! म्हणजे यांगोनाच्या (कावा हो, याच्या मुळ्यांचं पेय करतात) वाळलेल्या मुळ्यांची जुडी घेऊन गावच्या मुखियापुढे बसायचं आणि राहायची परवानगी मागायची. जुडी बाजारातूनच घेऊन जा, वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. टोपी-गॉगल काढायचे, पाठीवरची सॅक हातात घ्यायची, गुडघे झाकायला सुलू (लुंगीसारखं वस्त्र) नेसायचा. कावा भरलेली नारळाची करवंटी पुढे आली की एक टाळी, 'बुला' (तिथला नमस्कार), एका दमात रिकामी, मग तीन टाळ्या. चव म्हणाल तर मातीचं पाणी. जीभ जराशी बधिर होते, बस. माझ्या सोबतच्या एकाने घोट घोट करत प्यायला, पोरं आठवडाभर त्याची नक्कल करत होती.

भाषेचा मुद्दा मात्र कुणीच काढत नाही. १८७९ ते १९१६ दरम्यान साठेक हजार गिरमिटिये (करारावरचे भारतीय मजूर) तिकडे नेले, त्यांच्या वंशजांची फिजी हिंदी अवधी-भोजपुरी वळणाची आहे. आपली बंबइया हिंदी त्यांना कळते, त्यांची आपल्याला दोन दिवस डोक्यावरून जाते. स्टाफरूममध्ये माझी ओळख इंग्रजीने नाही, हिंदीनेच झाली.