भिंतीतल्या एचडीएमआय सॉकेटमधून आतल्या टीव्हीवर 'नो सिग्नल'. भिंत फोडावी का?

डोंबिवली_पूर्व:
नमस्कार मंडळी. नुकताच रीसेलचा टू बीएचके घेतलाय. आधीच्या मालकांनी हॉलमध्ये टीव्हीमागे आणि आतल्या बेडरूममध्ये पलंगासमोर असं एकेक एचडीएमआय सॉकेट भिंतीत बसवलंय. तेही लाइटच्या बटणांच्याच प्लेटमध्ये. दोन्ही आतून एकाच केबलने जोडलीयत एवढंच ते चावी देताना म्हणाले.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सध्या त्यांचा मुक्काम आतल्या खोलीत. त्यांना मॅच हवी, आणि जाहिराती लागल्या की बातम्या. हॉलमध्ये ५५ इंची ४के टीव्ही आणि ४केवाला सेट टॉप बॉक्स आहे. आत जुना ३२ इंची एचडी रेडी. मी हॉलच्या टीव्हीच्या 'एचडीएमआय २' मधून केबल काढून भिंतीत घातली, आणि आतल्या भिंतीतून दुसरी केबल जुन्या टीव्हीला. आत नुसतं 'नो सिग्नल'. वायरमन म्हणतो भिंतीतली केबल गेलीय, फोडावं लागेल. रंग ओला आहे म्हणा ना अजून. काय करू?

करवीर_वायरिंग:
थांबा, छिन्नी लांब ठेवा. केबल गेलीय हे त्याने कशावरून ठरवलं?

टीव्हीवरची एचडीएमआयची भोकं फक्त चित्र आत घेण्यासाठी असतात. एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या भोकातून बाहेर येतो तो आवाज, साउंडबारसाठी; चित्र तिथूनही येत नाही. म्हणजे तुमच्याकडे दोन्ही टोकांना घेणारेच बसलेत, देणारा कोणीच नाही. केबल शाबूत असली तरी आत काहीच दिसणार नाही.

आधी एक करा. सेट टॉप बॉक्सची केबल हॉलच्या टीव्हीतून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. आत चित्र आलं तर केबल ठणठणीत आहे. मग बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये एक-आत-दोन-बाहेर असा स्प्लिटर लावायचा: एक वाट हॉलच्या टीव्हीला, दुसरी भिंतीत. स्प्लिटर स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा घ्या. इंग्रजी वाय आकाराची साधी वायर 'स्प्लिटर' म्हणून मिळते, तिने हे काम होत नाही.

तरीही चित्र आलं नाही, तर दोन्हीकडच्या प्लेट उघडून बघा. आपल्याकडचे मॉड्युलर बॉक्स उथळ असतात. सॉकेटच्या पाठीमागे प्लग सरळ बसायला जागा नसते, मग वायरमन तो दाबून वाकवतो. मी उघडलेल्या अशा बहुतेक प्लेटमध्ये दोष तिथेच निघाला, मधल्या केबलमध्ये नाही.

ठाणे_४०१:
एवढा खटाटोप कशाला? आतल्या टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक लावा, वायफायवर मॅच बघू दे काकांना.

डोंबिवली_पूर्व:
@ठाणे_४०१ स्टिकवरची मॅच मागे असते हो. हॉलमध्ये आम्ही ओरडलो की बाबांना आत विकेट आधीच कळते. ते चिडतात.

@करवीर_वायरिंग, बॉक्स थेट भिंतीला लावला. आत चित्र आलं! बाबांनी तिथूनच 'आलं, आलं' केलं. मग ४केचा स्प्लिटर आणला. आता दोन्हीकडे चित्र आहे, पण हॉलमधलं मऊ पडलंय, अक्षरांच्या कडा पुसट. आणि मधूनच एखाद्या चॅनेलला आत आवाजच नसतो. केबलची ताकद वाटली गेल्यामुळे असं होतं का?

करवीर_वायरिंग:
नाही, ताकदीचा संबंध नाही. प्रत्येक टीव्ही आपल्याला काय झेपतं त्याची यादी केबलमधूनच मागे पाठवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. स्प्लिटर दोन्ही याद्या बघून दोघांना जमेल तेवढंच बॉक्सकडे मागतो. तुमचा ३२ इंची बहुधा ७२०पी किंवा १०८०आयच्या (हे चित्रातल्या आडव्या ओळींचे आकडे) वर जात नाही, म्हणून मोठ्यालाही तेवढंच मिळतंय. पंगतीत एकाला तिखट चालत नाही म्हणून सगळ्यांची आमटी अळणी.

स्प्लिटरच्या बुडाशी बारीक खटके आहेत का बघा. असतील तर यादी हॉलच्या टीव्हीची घ्यायची असं ठरवता येतं, पण मग आत ४के जाईल आणि जुना टीव्ही काळा पडेल. म्हणून दुकानात 'डाउनस्केलिंगवाला' मागा: एका वाटेवर ४के, दुसऱ्यावर १०८०पी. तुमचा ३२ इंची १०८०पी घेतो का ते आधी बघा; नसेल घेत तर ७२०पीपर्यंत उतरवणारा लागेल. एचडीसीपी २.२ (चित्राची चोरी रोखणारं कुलूप) लिहिलेलं हवं, नाहीतर ४के चॅनेल अडतील. आवाजासाठी बॉक्सच्या सेटिंगमध्ये डॉल्बी काढून पीसीएम (साधा आवाज, कुठल्याही टीव्हीला समजतो) किंवा स्टीरिओ करा.

एक फायदाही आहे. भिंतीतल्या केबलवर आता हलकंच काम पडेल. १०८०पीला साधारण साडेचार गिगाबिट प्रतिसेकंद लागतात, ६० फ्रेमच्या ४केला जवळजवळ १८. उद्या आतही ४के टीव्ही आणलात आणि पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागले, तर मात्र ती केबल बदलावी लागेल.

नाशिकरोड_मावशी:
मला दुसरंच खटकतंय. लाइटच्या बटणांशेजारी म्हणजे त्याच बॉक्समध्ये २३० व्होल्ट आहेत. एचडीएमआय वेगळ्या बॉक्समध्ये आणि वेगळ्या पाइपातून हवी. प्लेट उघडायची झाली तर आधी एमसीबी पाडा, नुसतं बटण बंद करून हात घालू नका. आमच्याकडे पाइप रिकामा होता, तिथे ऑप्टिकल एचडीएमआय (प्रकाशतंतूची केबल) ओढली. ती एकाच दिशेने चालते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन्हीकडे लावून बघा.

डोंबिवली_पूर्व:
डाउनस्केलिंगवाला लावला, हॉलमध्ये ४के परत आलं. पीसीएम केल्यावर आवाजही आला. मावशी, एचडीएमआयचा बॉक्स वेगळा करायला वायरमनला सांगितलंय, तो कुरकुरतोय.

आता शेवटचं. चॅनेल बदलायला बाबा आतून हाका मारतात. रिमोट आत नेऊन उपयोग नाही ना?

करवीर_वायरिंग:
रिमोट ब्लूटूथचा असेल तर एका भिंतीपलीकडून चालून जाईल. इन्फ्रारेड असेल तर आयआर एक्स्टेंडर घ्या: डोळा आत, छोटा दिवा बॉक्ससमोर. फक्त हॉलमध्ये कोणी मालिका बघत असताना काकांनी बातम्या लावल्या तर त्या हॉलमध्येही लागतील. बॉक्स एकच आहे. दोघांना वेगवेगळं बघायचं असेल तर दुसरा बॉक्सच घ्यावा लागेल.



डोंबिवली_पूर्व:
आईला विचारतो.