संवाद आपणच लिहायचे

‘द सिम्स’ म्हणजे घर बांधून त्यातल्या माणसांचं रोजचं आयुष्य चालवायचा कॉम्प्युटर गेम. तो आठवड्याभरात कंटाळवाणा होतो, तेच जेवण, तीच नोकरी, तीच झोप, असं काहीजण म्हणतात. मला वाटतं, खरा खेळ तिथेच सुरू होतो. २००० साली पहिला भाग आला तेव्हापासून यातली माणसं सिमलिश नावाची बनावट भाषा बोलतात. त्या बोलण्याला ठरलेला अर्थ नाही. डोक्यावरच्या फुग्यात एखादं चित्र दिसतं, एवढंच. म्हणजे संवाद आपल्यावर सोडलेत. भातुकलीत बोळक्यातल्या चुरमुऱ्यांचा भात होतो, तसंच.

मी ‘सिम्स ४’मध्ये आमचं इंदूरचं, राजवाड्यामागचं जुनं घर उभारलंय. एका कुटुंबात आठच माणसं मावतात आणि आम्ही होतो अकरा. म्हणून धाकट्या काकांचं बिऱ्हाड शेजारच्या प्लॉटवर हलवलं, आणि गोष्ट तिथूनच मिळाली: भावाभावांत अबोला का झाला? गेमला याचं कारण ठाऊक नाही. मी ठरवलं, आजोबांच्या सराफ्यातल्या दुकानावरून. आता काका नुसते दारावरून गेले तरी माझ्या छातीत धस्स होतं. परवा आजीनं रात्री बारा वाजता स्वयंपाक केला आणि एकटीच जेवली. प्रोग्रामच्या लेखी ती फक्त भुकेची पट्टी होती; मी वहीत लिहिलं, आज काकांचा वाढदिवस.

वहीचा आग्रह मी धरेनच. रोज चार ओळी पुरेत. आणि वय आपोआप वाढणं सेटिंगमधून बंद करा, नाहीतर भांडण मिटायच्या आतच आजी जाते.